कांडीवरचा दोरा आणि समुद्राकाठचा गळ

आपलं बऱ्हाणपूर म्हणजे दोऱ्याचं गाव. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला, त्यानं लिहून ठेवलंय की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं. कलाबतूची तार ओढणारे, विणकर, ताप्ती मिलचे कामगार आणि आता पॉवरलूमवाले, सगळ्यांचं पोट दोऱ्यावर. म्हणून आज एका दोऱ्याचीच गोष्ट लिहितोय, पण ती कापडाची नाही. मासे धरायच्या दोऱ्याची आहे. ग्रुपवरच्या शाकाहारी मंडळींनी सांभाळून घ्यावं. आमच्या घरातही निम्मी मंडळी शाकाहारीच आहेत.

बहात्तराव्या वर्षी मी समुद्राच्या काठावर उभं राहून पुन्हा गळ टाकायला लागलो. हे कळल्यावर दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, "अहो, बऱ्हाणपूरला समुद्र कुठून आणलात?" समुद्र आणावा लागत नाही, आपली तापीच तिकडे जाते. मुलताईला उगम, मग ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. मी मात्र तिच्या वाटेनं गेलो नाही. बँकेच्या बदलीच्या वाटेनं मालवणला पोचलो.

त्याआधी तापीचं सांगतो. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, राजघाटावर गळ टाकून बसणारी पाच-सात माणसं कायम असायची. हिंदी बोलणारे त्याला बंसी म्हणायचे, आम्ही गळ. समोर पात्रात तो दगडी हत्ती, पलीकडे जैनाबादचा काठ. सामान काय, तर एक बांबूची काठी, सुताचा पीळ दिलेला दोरा, मोरपिसाचा देठ तरंगायला, शिशाचा मणी बुडायला आणि गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. दोरा काठीइतकाच लांब असायचा, त्यामुळे काठापासून दहा-बारा फुटांत जे येईल ते आपलं. मरळ, वाम, शिंगटा, कधी छोटा रोहू. घाटावर एक भोई आजोबा होते, त्यांनी मला गाठ मारायला शिकवलं. आईला हा उद्योग मुळीच आवडायचा नाही. मासा घरात आणायचा नाही, हा कायदा. आत्याच्या परसात वेगळी चूल होती, तिथे शिजायचा.

आणि समाजात या छंदाला मान किती, तर शून्य. "काय गळ टाकून बसलाय!" हे आपल्याकडे रिकामटेकड्याला उद्देशून म्हणतात. जाळं टाकणारा भोई कामकरी, आणि गळ टाकणारा आळशी. मलाही बरीच वर्षं वाटायचं की हा साहेबलोकांचा नाहीतर रिकाम्या पोरांचा खेळ असणार.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा चित्र वेगळं दिसलं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा झाला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्यानं ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकांना हा ग्रंथ एका कारणासाठी माहीत असतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे, आणि ते सगळं गळाच्या मासेमारीवर आहे! समुद्रातले आणि नदीतले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, अशी पस्तीसच्या आसपास माशांची ओळख. कोणत्या माशाला काय खायला घालावं, आधी एका जागी चारा टाकून त्यांना सवय कशी लावावी, दोरा कशाचा वळावा, काठी कशी असावी. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहून ते जगासमोर आणलं. इंग्रजीतलं गळावरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ चं, आणि आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक १६५३ चं. म्हणजे दख्खनचा राजा त्यांच्या साडेतीनशे वर्षं आधी काठावर बसून हे लिहून गेला. तेव्हा "गळ टाकून बसलाय" म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

आता दोऱ्याकडे येतो. काठावरून मासे धरायची खरी अडचण एकच: गळ लांब कसा फेकायचा? दोरा काठीच्या टोकाला बांधला तर लांबी काठीएवढीच. म्हणून चरखी आली. पण चरखीची गंमत पतंग उडवणाऱ्या प्रत्येक बऱ्हाणपूरकराला ठाऊक आहे. दोरा ओढला की चरखी फिरते. तिला फिरवायला जोर लागतो, आणि एकदा फिरायला लागली की पतंग थांबला तरी ती थांबत नाही. मग गुंता! मासेमारीच्या जुन्या रिळाचंही तसंच होतं. दोऱ्याच्या टोकाला जड शिसं असेल तरच ते रीळ फिरणार. जड शिसं म्हणजे जाड दोरा, जाड दोरा म्हणजे दणकट काठी, आणि दणकट काठी म्हणजे जवान खांदा. हलकं सामान फेकताच येत नव्हतं.

हे कोडं सोडवणारा माणूस कोळी नव्हता, गिरणीवाला होता. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड हे लोकरी कापडाचं गाव. तिथल्या गिरणीमालक आल्फ्रेड इलिंगवर्थनं १९०५ साली एका नव्या रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिनवरून सूत निघताना बघून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. आपल्या पॉवरलूमच्या धोट्यात कांडी बसवलेली असते ना, ती फिरते का? नाही. कांडी जागेवर स्थिर, दोरा तिच्या टोकावरून सुळकन निघतो. इलिंगवर्थनं रिळाला हेच लावलं. दोरा गुंडाळलेलं बॉबिन आडवं नाही, काठीच्या दिशेनं ठेवलं. फेकताना ते फिरतच नाही, दोरा कडेवरून सुटत जातो. परत गुंडाळताना एक हात बॉबिनभोवती फिरून दोरा भरतो. त्यामुळे दहा-वीस ग्रॅमचं शिसंही लांब जायला लागलं. आज जगभर जे हलकं रीळ वापरतात ते या कल्पनेवरच चालतं.

हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली. आपल्या गावात घरोघर बायका-पोरं कांड्या भरायची. मीही शाळेतून आल्यावर शेजारच्या कारखान्यात भरल्यात. आणि राजघाटावर आम्ही दहा फुटी दोऱ्यानं मासे धरत होतो. अर्ध्या मैलावर उत्तर खडखडत होतं!

पण नुसत्या रिळानं काम झालं नसतं. सुताचा दोरा पाण्यानं फुगतो, कुजतो. रेशमाच्या किड्याच्या पोटातून काढलेली बारीक तात स्पेनमधून यायची, ती महाग आणि आखूड. मग १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉन जाहीर झालं आणि एकेरी तंतूचा गुळगुळीत, पारदर्शक दोरा बाजारात आला. त्याला आपण तंगूस म्हणतो. पाव मिलिमीटर जाडीचं तंगूस चारेक किलो वजन पेलतं. स्थिर बॉबिन आणि तंगूस, या दोघांच्या लग्नातून हलक्या सामानाची मासेमारी जन्माला आली.

याच नायलॉनचं दुसरं अपत्यही होतं, आणि ते मी मालवणात बघितलं.

१९७९ ते १९८३ मी तिथल्या शाखेत होतो. खानदेशी-निमाडी माणूस, समुद्र आधी फक्त सिनेमात पाहिलेला. किनाऱ्यावर रापण चालायची. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो: होडीतून लांबलचक जाळं अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात, आणि वीस-पंचवीस, कधी चाळीस माणसं दोन्हीकडून ते ओढतात. बाया, पोरं, म्हातारे, सगळे. जो ओढेल त्याला वाटा. कुठल्याही ऑडिटरला समाधान वाटावं असा चोख हिशेब वाळूवरच व्हायचा.

रापणीतले एक म्हातारे आमचे खातेदार होते. अंगठा उठवायचे, पण रक्कम पैशापर्यंत पाठ. संध्याकाळी ते एकटेच लाटांच्या कडेला गरवायला उभे राहायचे. मालवणीत गळाला गरी म्हणतात आणि गळानं मासे धरणं म्हणजे गरवणं. किती नेटका शब्द! मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहायला लागलो.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट: लांब बघू नको, जवळ बघ. लाट फुटते तिथे वाळूत एक खोलगट पट्टा तयार होतो, बऱ्याचदा काठापासून वीस-तीस मीटरवरच. लाट वाळू घुसळते, त्यातले किडे, शिंपल्या, बारीक खेकडे उघडे पडतात, आणि भरतीबरोबर मासे त्या पट्ट्यात चरायला येतात. मुडदुशी तर हमखास. काडीसारखा सडपातळ, रुपेरी, फार गोड मासा. अनोळखी माणूस जोर लावून पट्ट्याच्या पार पलीकडे फेकतो आणि मासे त्याच्या पायापाशी जेवत असतात.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे माझं गणित खूश झालं. भरतीची वेळ काढायला कोकणात पाऊणकीचा पाढा वापरतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा भरती. मिनिटाला बरोबर येत नाही, पण कालनिर्णय भिंतीवर असलं की काम भागतं. आमच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी छड्या खाऊन पाठ केली. तिचा जन्मात एवढा चांगला उपयोग दुसरा झाला नाही.

आता नायलॉनच्या दुसऱ्या अपत्याबद्दल. १९५० च्या दशकात केरळात नॉर्वेच्या मदतीनं प्रकल्प सुरू झाला आणि तिथून यांत्रिक होड्या, नायलॉनची जाळी हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर पसरली. सुताचं जाळं रोज वाळवावं लागायचं, कुजायचं, जड व्हायचं. नायलॉनचं जाळं ना कुजतं ना थकतं. त्यामागून ट्रॉलर आले, समुद्राचा तळ खरवडत नेणारे. आणि त्यांना कर्ज कोण देणार? बँका. सरकारी धोरण तसंच होतं, पुनर्वित्त मिळायचं. माझ्या टेबलावर यांत्रिक होड्यांच्या फायली यायच्या. प्रत्येक फाईल सुटी बघितली तर चोख: इतकं डिझेल, इतका मासा, इतका हप्ता, इतका नफा. पण फाईल एका होडीची असते, समुद्राची नसते. पाच वाजेपर्यंत ट्रॉलरचे कागद आणि साडेपाचला रापणकरांच्या म्हाताऱ्याशेजारी गळ, असा माझा दिवस जायचा. ते एकदाच म्हणाले, "साहेब, तुमी पैशे देतास, मासो कोण देतलो?" मी काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही, आणि गरवायला बोलवणंही सोडलं नाही.

त्याच वर्षांत शेजारच्या गोव्यात रापणकारांचं आंदोलन पेटलेलं होतं, किनाऱ्यालगत ट्रॉलर नकोत म्हणून. गोव्यात १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. कागदावर किनाऱ्याजवळचा पट्टा छोट्या मच्छीमारांसाठी राखला गेला. प्रत्यक्षात भांडण मिटलं नाही. ट्रॉलरनंतर पर्ससीन जाळी आली, त्यांच्यावर २०१६ साली राज्य सरकारनं निर्बंध घातले. मग दिवे लावून मासेमारी आली, तिच्यावर २०१७ साली केंद्रानं बंदी आणली. मालवणातली माणसं अजून त्याच विषयावर बोलतात.

१९८३ ला माझी बदली झाली आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं समुद्राला पाय लागला नाही. मालवणात वापरलेली काठी भरीव फायबरची, बारा फुटी, शिसं शंभर ग्रॅमचं. ती आमच्या माळ्यावर पडून होती. निवृत्तीनंतर एकदा खाली काढून बघितली, तर डावा खांदा म्हणाला, आता नको. गुडघेही त्याच मताचे.

मग २०२२ मध्ये मुलगा पुण्याहून सगळ्यांना घेऊन तारकर्लीला जायचं म्हणाला, तेव्हा मी त्याला एकच काम सांगितलं: हलकी काठी आण. त्यानं नऊ फुटी, दोन तुकड्यांची काठी आणली. वजन पाव किलोच्या आत! लहान रीळ, पाव मिलिमीटरचं तंगूस, वीस ग्रॅमचं शिसं. माझी पत्नी हातात घेऊन म्हणाली, "ही तर भाताची काडी आहे, हिनं काय होणार?" पण मासे वीस-तीस मीटरवर चरत असतील तर शंभर मीटर फेकायचंय कशाला? बारीक दोरा लाटेत कमी ओढला जातो, आणि माशानं नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. मोठा मासा लागला तर रिळाला ब्रेक असतो, तो ठरावीक ताणानंतर दोरा सोडतो, म्हणून तुटत नाही. थोडं द्यायचं, थोडं घ्यायचं. थकीत कर्जाची वसुली ज्यांनी केलीय त्यांना हे सांगायला नको.

आता वर्षातून दोनदा जातो. बऱ्हाणपूरहून गाडीनं कल्याण, मग पनवेल, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ. मी अष्टमीच्या आसपासचे दिवस धरतो. उधाणाला मासे जास्त मिळतात असं सगळे सांगतात, खरंही असेल, पण उधाणाचं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी शांत, आणि भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. गोळ्या घेऊन, चहा पिऊन निघायला अगदी सोयीची वेळ. पाणी गुडघ्याच्या वर येऊ द्यायचं नाही. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे, कारण पाकट तळाशी पडलेला असतो आणि त्याची नांगी वाईट. शिंगाळा लागला तर चिमट्यानं सोडवायचा, त्याच्या काट्याची कळ रात्रभर झोपू देत नाही. एकट्यानं जायचं नाही, हा पत्नीचा नियम. ती वाळूवर खुर्ची टाकून बसते आणि लाट मोठी आली की ओरडते.

मासे किती? मालवणची माझी १९८१ ची वही अजून आहे. त्यात एका संध्याकाळच्या मुडदुशा लिहिताना मी दुसरी ओळ घेतलेली दिसते. गेल्या खेपेला दोन भरतींत तीन मिळाल्या, एक बोटाएवढी होती ती सोडून दिली. एवढ्यावरून मी समुद्राचा ताळेबंद मांडणार नाही. माणूस म्हातारा, जागा वेगळी, दिवस वेगळा. पण त्या म्हाताऱ्यांचा नातू भेटला, तो पर्यटकांना होडीतून फिरवतो. रापण आता क्वचितच ओढतात म्हणाला, ओढायला माणसंच मिळत नाहीत. आजोबांची गरी त्यानं जपून ठेवलीय. माझं रीळ हातात घेऊन त्यानं बराच वेळ फिरवून बघितलं. मग तो एकदा फेकायला म्हणून उभा राहिला तो अंधार पडेपर्यंत हलला नाही.

काही जण विचारतात, एवढ्या लांब कशाला जायचं, तापी आहे की दारात. तापीवर मी जातो, बसतोही. पण ती नदी आता तीच राहिलेली नाही. आपल्या नदीचा राजा म्हणजे महाशीर, मराठीत खडस, नर्मदेकाठी बाडस म्हणतात. वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. पावसाळ्यात वर चढून उथळ, गोट्यांच्या जागी अंडी घालतो. खाली काक्रापार, १९७२ मध्ये उकाई, मग भुसावळजवळ हतनूर. धरणांनी शेतीला पाणी दिलं, वीज दिली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वाहणारी नदी जागोजागी तलाव झाली आणि चढणाऱ्या माशाची वाट अडली. त्यात वाळूउपसा आणि गावाचं सांडपाणी. २०११ साली मध्य प्रदेशनं महाशीरला राज्यमासा घोषित केलं. भोई आजोबा असते तर म्हणाले असते, आधी वाट द्या, मग पदवी द्या. आपल्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी. त्या दिवसांत गळही टाकू नये. घाटावरच्या नव्या पोरांना मी हे सांगतो. काही ऐकतात.

मोहनेच्या संगमाकडे, राजा जयसिंगांच्या छत्रीच्या बाजूला पाणी अजून बरं आहे. डिसेंबरात तिथे हलक्या काठीनं दोन सकाळी बसलो होतो. छोटे मासे लागले, सोडून दिले. एक पॉवरलूमवाला ओळखीचा मुलगा शेजारी येऊन बसला. रिळावरून दोरा सुटताना बघून लगेच म्हणाला, "काका, ये तो अपनी कांडी है!" त्याला इलिंगवर्थ सांगावा लागला नाही.

ग्रुपवर कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचं पितळी रीळ, जुने गळ किंवा राजघाटावरचे गळ टाकणाऱ्यांचे फोटो असतील तर जरूर टाका. तापीतल्या माशांची जुनी नावं ज्यांना आठवतात, त्यांनीही लिहा. भोईवाड्यातल्या मंडळींकडे सगळ्यात जास्त असतील, त्यांना कोणी विचारून बघेल का? मी वहीत बावीस नावं जमवलीत. त्यातली सहा-सात मला मासा समोर ठेवला तरी ओळखता येणार नाहीत.